अर्ध्या वाक्यांची बैठक

गोटी पहिल्यांदा न अडखळता अख्खं वाक्य बोलली, तेव्हा मी भरल्या ताटावरून उठून तिचा मुका घेतला. वाक्य काय होतं, याकडे माझं लक्षच नव्हतं.

गोटी माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणी गोलमटोल होती म्हणून गोटी. आता फुंकर मारली तर उडेल अशी झालीय, पण नाव चिकटलं ते चिकटलं. बहीण गेली तेव्हा ही नुकती शाळेत जायला लागली होती, तेव्हापासून माझ्याकडेच. बोलताना अडखळते. म्हणजे साधंसुधं नाही, शब्दाच्या दारातच तिचं घोडं अडतं. मान ताठ होते, डोळे घट्ट मिटतात आणि ओठ त्या एका अक्षराला धडका देत राहतात. बघणाऱ्याला वाटतं, आपणच मागून ढकलावं. मी ढकलतच आले. तिने 'मला भ-भ-' म्हटलं की मी 'भूक लागलीय' म्हणून मोकळी. तिने 'उ-उ-' केलं की 'उशीर होईल, कळलं, जा.' माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, आणि अर्धवट पडलेलं काही मला बघवतही नाही. धंदाच तो. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्याच वर आमचं घर. उसवलेली शिवण, बिघडलेली चेन, कुणा शिकाऊ शिंप्याने अर्ध्यावर सोडलेला कोट, लोक आणून टाकतात आणि मी पुरं करून देते. भाचीची वाक्यंही तशीच पुरी करून देत होते, आणि यालाच माया म्हणतात अशी माझी समजूत होती.

तर त्या संध्याकाळी ती म्हणाली, "कालव्यापलीकडची माणसं आपलं काहीही शिल्लक ठेवणार नाहीत, मावशी." एका दमात. पाणी ओतल्यासारखं.

मी मुका घेतला, डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत चार जणांना सांगून आले. शेवटी मागच्या खोलीत इस्त्रीकाकांकडे गेले. ते माझ्या दुकानात कितीतरी वर्षं इस्त्री करतात. बायको गेल्यापासून राहतातही त्याच खोलीत.

"काका, काल आमची गोटी अख्खं वाक्य बोलली! एकदाही अडली नाही!"

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. म्हातारा मनापासून खूश झाला. "अरे वा! काय बोलली?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. इस्त्रीकाका कालव्यापलीकडचे.

"काही नाही, असंच," मी म्हटलं. "जेवणाचं."

आमच्या शहराला मधोमध कालवा आहे. पलीकडची माणसं दोन पिढ्यांपूर्वी बर्फाच्या कारखान्यात कामाला आली आणि राहिली. त्यांची बोली थोडी वेगळी, देवाला हात जोडायची तऱ्हा वेगळी. बाकी त्यांच्याही पँटी गुडघ्यावरच फाटतात. मी त्यांच्याबद्दल कधी वेगळा विचार केला नव्हता. कौतुक म्हणून सांगत नाही. खरं म्हणजे मला विचार करायला फुरसतच नव्हती.

याच्या आधी गोटी पार्सलच्या कंपनीत फोनवर बसायची. अडखळणारी मुलगी आणि फोनची नोकरी! मी नको म्हणत होते, पण तिने हट्टाने घेतली आणि वर्षभर नेटाने केलीही. मग कुणा गिऱ्हाईकाने तिचं बोलणं टेप केलं. ते 'प-प-पार्सल' या फोनवरून त्या फोनवर फिरलं. कोपऱ्यावरची कार्टी तिला बघून तसं करायला लागली. एके दिवशी आमच्याच ओळखीच्या एका बाईने मला ते हसत हसत ऐकवलं. तिला माहीत नव्हतं कोणाचं आहे. गोटीने नोकरी सोडली, खोलीचं दार लावलं आणि बोलणंच बंद केलं. माझ्याशीसुद्धा बोलेना. पालथ्या घड्यावर पाणी ओतावं तसे माझे दिवस जात होते.

त्या दिवसांत तिला एक निरोप आला. गोटीने स्वतः मला दाखवला. कोणी ओळखीची नाही. लिहिलं होतं, 'मी तुझं बोलणं ऐकलं. मी हसले नाही. तुला जे सांगायचं होतं ते मला सांग. सावकाश. मला घाई नाही.'

देव पावला, असं वाटलं मला. खोटं कशाला बोलू.

मग गोटी खिडकीशी फोन कानाला लावून बसायला लागली. ही अडकायची आणि पलीकडची बाई थांबायची. एक अक्षर मध्ये घालायची नाही. इतकी शांतता की मला वाटायचं फोन बंद पडला. मला त्या बाईचा हेवा वाटायचा. एवढा धीर माझ्यात कधी नव्हता. गोटी तिला ताई म्हणायची. पुढे ताईने तिला बैठकीला बोलावलं. बाजारात एक बंद पडलेलं फर्निचरचं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर. मला वाटलं, बोलायला शिकवण्याचा वर्ग असेल. आधी आठवड्यातून एकदा जायची, मग रोज.

आणि तिची अख्खी वाक्यं वाढायला लागली.

चहा मागताना ती अजून 'च-च-' करायची. पेन मागताना, पाऊस आला सांगताना, माझं नाव घेताना अडायची. पण विषय कालव्यापलीकडे गेला की नळ सुटायचा. आणि आवाज तिचा नसायचा. कसं सांगू? गळा तिचाच, पण बोलण्याआधी ती खोल श्वास घ्यायची, मध्येच अशा ठिकाणी थांबायची जिथे गोटी कधी थांबली नव्हती, आणि शेवटचा शब्द अगदी हळू ठेवायची. एकदा मी भाजी चिरत होते, ती मागून बोलायला लागली आणि मी वळून बघितलं, घरात कोण बाई आली म्हणून. दारात गोटीच उभी होती.

एका दुपारी तिच्या खोलीतून आवाज आला म्हणून मी दाराशी थांबले. आत फोन चालू होता. फोनमधली बाई अर्धं वाक्य बोलायची आणि थांबायची. उरलेलं अर्धं गोटी बोलायची. पुन्हा तेच अर्धं, पुन्हा तेच उरलेलं. मी दारावर थाप मारायला हात उचलला. पण मी काय म्हटलं स्वतःला? सराव करतेय पोर. करू दे.

मग एकदा ती म्हणाली, "माझं बोलणं टेप करणारा पलीकडचा होता."

"कोणी सांगितलं तुला? कंपनीने तर नाव दिलं नव्हतं."

"क-क-कोणी नाही. माझं मलाच क-क-"

"कळलं," मी वाक्य पुरं केलं.

ती समाधानाने हसली. जणू साक्षीदार मिळाला.

इस्त्रीकाकांना तिने काका म्हणणं सोडलं. त्यांनी तिचा सदरा इस्त्री करून जिन्यावर ठेवला, तर तिने तो पुन्हा पाण्यात घातला, वाळवला आणि स्वतः इस्त्री केला. वाकडातिकडा. काकांनी बघितलं. काकांच्या नजरेतून कपड्यावरची घडी सुटत नाही, तिथे हे कसं सुटेल?

"माझ्या हाताला वास येतो का हो?" त्यांनी मला विचारलं.

"काहीतरीच काय काका! वय आहे तिचं. डोक्यात राख घालून घेते उगाच."

"लहान होती तेव्हा मी इस्त्री करताना टेबलाखाली बसायची. ऊब येते म्हणून." एवढं बोलून ते पुढचा शर्ट काढायला वळले.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं पुरे. ज्या बाईने माझ्या पोरीला बोलतं केलं, तिच्याकडे जाऊन चार शब्द सुनवायचे आणि पोरीला कान धरून घरी आणायचं. बाजार बंदचा दिवस होता. गोटी दुपारीच बैठकीला गेली होती. मी तिला काही न सांगता मागोमाग निघाले. शिव्यांचं गाठोडं बांधूनच निघाले म्हणा ना.

जिन्यात जुन्या प्लायवूडचा आणि पॉलिशचा वास होता. वर दाराबाहेर चपला-बुटांची रांग होती. सगळ्या जोड्यांची टोकं बाहेरच्या दिशेला, निघायची वेळ झाल्यासारखी. आतून काही आवाज नव्हता. एवढ्या चपला आणि कोणी खाकरतसुद्धा नव्हतं.

मी दार ढकललं. मोठी खोली. भिंतीला लागून दुकानातली न विकलेली आरशांची कपाटं, त्यांवर दुधी प्लास्टिक ओढलेलं. मध्ये खुर्च्यांचा गोल. पंचविशीच्या आतली मुलं-मुली बसलेली, हात मांडीवर ठेवून. एकाचा गाल भाजून सुरकुतलेला. एक मुलगी सारखी बाही ओढून मनगट झाकत होती. एक पोरगा इतका जाडा, की खुर्चीच्या कडेवर चोरून बसल्यासारखा बसला होता. माझी गोटी. सगळ्यांचं काही ना काही दुखत होतं आणि ते दिसत होतं. मला तेव्हाच कळलं, ही मुलं इथे आपणहून आलेली नाहीत. कोणीतरी गावभर हिंडून एकेक दुखरी जागा शोधलीय.

गोलात एक खुर्ची रिकामी होती.

"बसा मावशी," ताई म्हणाली. "तुमच्यासाठीच ठेवलीय."

मी येणार हे मी गोटीला काय, स्वतःलाही तासाभरापूर्वी सांगितलं नव्हतं.

ताई म्हणजे कोणी जगदंबा असेल अशी माझी कल्पना. बघते तर बँकेत पावती देणाऱ्या मुलीसारखी एक साधी बाई, सर्दी झालेली, हातात रुमाल. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते मी नंतर म्हटलं. तेव्हा मला तिची दयाच आली.

मी उभ्यानेच सुरुवात केली. "हे बघा, माझी पोर..."

ती ऐकत राहिली. सगळेच ऐकत राहिले. कोणी अडवेना, कोणी वाद घालेना. मी बोलायची थांबले तरी ते थांबूनच होते, आणखी काही असेल तर सांगा, अशा नजरेने. भांडायला समोर भिंत लागते. इथे नुसती गादी. माझा आवाज आपोआप खाली आला. मी बसले.

"तुम्ही दमलात, मावशी," ताई म्हणाली.

एवढंच. आणि पुन्हा गप्प.

मला आयुष्यात कोणी असं म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "हो. दमलेय."

"गोटीच्या आईला शेवटच्या दिवशी..." ताईने वाक्य तिथेच सोडलं.

आता अर्धवट सोडलेलं वाक्य आणि मी! "दवाखान्यात मीच नेलं होतं," मी म्हटलं.

"आणि तिथे..."

"रांग होती. फार मोठी रांग. तिला धाप लागली होती, आणि कोणी पुढे सोडेना."

"रांगेत पुढे..."

खोलीत कोणी हललं नाही. मला तो व्हरांडा आठवत होता, हिरवा बाक आठवत होता, तापाने फणफणलेलं एक पोर आणि हाताला फडका गुंडाळलेला एक माणूस. ती माणसं कोण, कुठली, हे मला कधीच माहीत नव्हतं. माझं लक्ष बहिणीच्या श्वासाकडे होतं, मी कशाला बघतेय? पण वाक्य तिथे तोंड उघडून पडलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. प्रेमाने बघत होते.

"पलीकडचे होते," मी म्हटलं.

आणि म्हटल्याबरोबर मला ते दिसले. शपथेवर सांगते. इतकी वर्षं त्या रांगेला चेहरे नव्हते, आणि त्या क्षणी चेहरे आले. पलीकडच्यांचे कपडे आले, त्यांची बोली ऐकू आली, त्यांनी आमच्याकडे तुच्छतेने बघितलंसुद्धा. मी ते तिथे बसल्या बसल्या शिवलं होतं आणि मलाच टाका सापडेना.

सगळ्या खोलीने एकदम श्वास सोडला. तेव्हा कळलं की सगळ्यांनी तो एकदमच धरून ठेवला होता. भाजलेल्या गालाचा पोरगा रडायला लागला. गोटी उठून आली, माझा हात धरला आणि मी ढसाढसा रडले. बहीण गेली तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. तेव्हा पोरीला जेवायला घालायचं होतं. दिवसभर चावणारा बूट पायातून काढावा तसं मला झालं. माझी चूक नव्हती. मी उशीर केला नव्हता. दुसऱ्या कोणीतरी केलं होतं सगळं. केवढं बरं वाटलं!

"आणि आता तुमच्याच दुकानात..." ताई हळूच म्हणाली.

"एक आहे," मी डोळे पुसत म्हटलं.

"तो दिवसरात्र..."

"मागच्याच खोलीत असतो. आज बंद ना, दुपारपासून झोपतो तो अंधार पडेपर्यंत."

"आणि मागचं दार..."

"आतली कडी मोडलीय. बाहेरून ओढलं की उघडतं."

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

ताईने रुमालाने नाक पुसलं. "आम्ही काही विचारलं नाही हं, मावशी," ती म्हणाली, आणि गोलातली सगळी मुलं हसली. सगळी एकाच वेळी, एकाच मापाचं.

गोटी माझ्या कानाशी आली. तिचे डोळे आनंदाने चमकत होते. "मावशी, किती छान बोललीस तू."

एकदाही न अडखळता.

मी घरी निघाले तेव्हा पाय हलके झाले होते. खरंच सांगते, रस्त्याने मी गुणगुणत होते. गोटी थोड्या वेळाने येते म्हणाली. ज्या कामासाठी गेले होते ते विसरूनच गेले होते. गल्लीत सगळी शटरं पडलेली, चिटपाखरू नव्हतं. मी मागच्या बोळाने आले. मागच्या दाराबाहेर इस्त्रीकाकांच्या चपला होत्या. एकीचा अंगठा तुटलेला, मीच सुतळीने टाका घालून दिलेला. त्या चपला बघितल्या आणि माझं गुणगुणणं थांबलं. मी काय बोलून आले, ते तेव्हा मला ऐकू आलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत.

आधी वाटलं, पोलिसांना फोन करावा. पण सांगणार काय? कोणी धमकी दिली? नाही. कोणी काही विचारलं? नाही. मग दाराची कडी मोडलीय हे कोणी सांगितलं? मी. बरं, काही झालंय का अजून? नाही.

त्या चपला उचलून आत घेतल्या. काका इस्त्रीच्या टेबलाशेजारी भिंतीकडे तोंड करून झोपले होते. उठवायला हात पुढे केला, तोच पुढच्या बाजूने, दुकानाच्या छोट्या दाराने गोटी आली. तिने दाराला कुलूप घातलं, माझ्याकडे न बघता आतल्या लाकडी जिन्याने वर गेली. मी तिच्यामागे गेले. ती पलंगावर बसून होती, दिवा न लावता. उजेड कमी व्हायला लागला होता.

"गोटी, माझ्याकडे बघ. आज कोणी येणार आहे का इथे?"

तिने खोल श्वास घेतला.

"नाही मावशी," ती म्हणाली. "इथे कोणीही येणार नाही. तू काळजी करू नकोस."

लख्ख. एकही अक्षर अडलं नाही. शेवटचा शब्द अगदी हळू ठेवला.

माझी गोटी असती तर 'नाही'च्या 'न'वरच तिने पाच धडका दिल्या असत्या.

मी खाली धावले आणि काकांना गदगदा हलवलं. "उठा काका. चपला घाला."

ते डोळे चोळत उठले. "का? आग लागलीय का?"

"अजून नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. एका पायात चप्पल घातली, दुसरी सापडेना. मीच घाईत कुठेतरी टाकली होती. पुढच्या दाराची किल्ली वर गोटीकडे. शटर उघडायचं तर अख्खी गल्ली हादरते. मागच्या बोळातून बाहेर पडलं की सरळ कालव्याचा पूल. काका पलीकडे आपल्या माणसांत पोचले की सुटले. मी त्यांचा हात धरला आणि दुसरा हात मागच्या दाराला लावला.

"मा-मा-"

वर जिन्याच्या टोकाला गोटी उभी होती. कठडा दोन्ही हातांनी धरलेला, मान ताठ, डोळे मिटलेले.

"मा-मा-मा-"

माझ्या तोंडात तिचं वाक्य तयारच होतं. मावशी, जाऊ नकोस. नाहीतर, मागच्या दाराने जा, लवकर. दोन्ही मला पटलेली. कोणतंही बोलून मी दार ढकलणार होते, इतकी वर्षं ढकलत आले तसंच. पण हा आवाज माझ्या पोरीचा होता. कितीतरी दिवसांनी तिचा स्वतःचा, वेडावाकडा, दारात अडकलेला आवाज. मी दात दाताला लावले आणि थांबले. तुम्हाला वाटेल त्यात काय मोठंसं. माझ्यासारखीने थांबून बघावं.

"मा-मागे," ती म्हणाली. घाम तिच्या कपाळावरून वाहत होता. "मागे त-त-ते..."

काका माझ्याकडे बघत होते. माझा हात दारावर होता.

"उ-उ-"

मी जीभ चावली. खरोखरची चावली, रक्ताची चव आली.

"उ-उभे आहेत."

मी दारावरचा हात काढला. सावकाश, आवाज न करता. मग मला फटीतून रॉकेलचा वास आला. आणि दाराच्या पलीकडे, माझ्यापासून हातभर अंतरावर, पुष्कळ जणांनी एकदम धरून ठेवलेला श्वास. ते वाट बघत होते. दार आम्हीच उघडावं म्हणून. म्हणजे पुन्हा त्यांनी काही केलं नाही, आम्हीच केलं.

गोटी जिना उतरून आली आणि तिने किल्ली माझ्या हातात कोंबली. पण मी छोट्या दाराकडे गेलेच नाही. शटरला हात घातला, काकांनी घातला, गोटीने घातला, आणि ते गंजकं शटर असं खडखडत वर गेलं की समोरच्या तिन्ही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. मी दुकानातले सगळे दिवे लावले आणि बोंब ठोकली. एकेकाला नावाने हाका मारल्या, 'मागच्या बोळात बघा, रॉकेल घेऊन आलेत!' म्हणून किंचाळले. जिभेला हाड नसल्याचा जन्मात तेवढा एकच उपयोग झाला. माणसं खाली यायला लागली. मागे बोळातून पावलं परत जाताना ऐकू आली. पळत नव्हती. एका लयीत चालत गेली.

गोटी दुकानाच्या पायरीवर बसली. दात वाजत होते तिचे. काका एका पायात चप्पल घालून तिच्या शेजारी उभे राहिले. जवळ जावं की नाही, ते त्यांना कळत नव्हतं. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि 'क-क-' केलं, आणि मला सांगायला आनंद वाटतो की मी गप्प बसले. तिचं ते वाक्य पुरं झालं नाही. पण काका खाली टेकले.

तेव्हा मला समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर ताई दिसली. दिव्याच्या उजेडात, हातात रुमाल. एवढा गोंधळ, एवढी माणसं, पण तिला कोणाचं भय नव्हतं. तिने काही केलंच नव्हतं ना. मला वाटलं ती गोटीसाठी थांबलीय. मी गोटीच्या पुढे जाऊन उभी राहिले, तिला झाकून.

ताईची नजर गोटीला शोधत मागे गेली नाही. ती माझ्याकडेच बघत होती. मान किंचित कलती करून, सगळा वेळ माझ्यासाठी असल्यासारखी. मी तोंडावर येतील त्या शिव्या घालायला हव्या होत्या. एकही आली नाही. त्या खोलीत त्या खुर्चीवर बसून मला किती बरं वाटलं होतं, तेवढंच आठवत राहिलं.